मी कापलेले मासे

जाळीत एखाद्या लेकराचं बोट अडकलं तर?

या एका प्रश्नापायी तिनं अख्खी रात्र या कुशीवरून त्या कुशीवर काढली. मला ते कळलं सकाळी. वर्कशॉपचं शटर अर्धंच वर गेलं होतं, कामगार अजून यायचे होते आणि मला चालवणारी ती माझ्या हिरव्या काचेला कपाळ टेकून उभी होती. "तुझं बरंय," ती मला म्हणाली, "तुझं बटण बंद करता येतं."

खरं आहे. माझं बटण बंद केलं की मी बंद. आणि चालू असतो तेव्हाही शंका नावाचा प्रकार माझ्यात बसवलेला नाही. मी पत्रा कापणारा लेझर आहे. माझ्या पोटात एक उजेड आहे. तो एका बारीक तोंडातून खाली पडतो आणि जाडजूड पत्रा साबणाच्या वडीसारखा चिरत जातो. सांगाल ती रेघ, सांगाल तिथून, एका केसाचाही फरक न करता. ही फुशारकी नाही, पण उगाच मान खाली घालूनही मी हे सांगणार नाही.

ती मात्र नखशिखांत शंकांची बनलेली. बहुतेक म्हणूनच आमचं जमलं.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथली फरशी इतकी स्वच्छ होती की एखादा स्क्रू खाली पडला तर सगळेजण त्याच्याकडे पाहुणा आल्यासारखे बघायचे. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझी भिंगं बसवली, माझ्या पट्ट्या जुळवल्या आणि मला कापायला पहिला तुकडा दिला. मला म्हणाले, चौकोन काढ. मी काढला. त्यांनी तो मोजला, फिरवून पुन्हा मोजला आणि एकमेकांकडे बघून नुसती मान हलवली. तेवढंच माझं कौतुक. मला ते पुरलं.

मग प्लास्टिक, मग लाकडी खोका, मग ट्रक. त्याच ट्रकमध्ये एका छोट्या पेटीत माझी धाकटी भावंडं होती. पत्रा दुमडण्यासाठी लागणाऱ्या नव्या डाय, म्हणजे पोलादी साचे. त्या वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या बेंडिंग मशीनच्या जबड्यात बसायच्या होत्या. म्हणजे कापायचं मी आणि दुमडायचं त्यांनी, असा बेत होता.

वर्कशॉपच्या दारात मला उतरवलं तेव्हा क्रेनवाला एकटाच घाम पुसत होता आणि बाकी सगळे हातवारे करत होते. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, अरे जपून, अरे येऊ दे. माणसांचं हे मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. ओझं स्वतःच्या अंगावर नसलं की त्यांना फार सुचतं.

त्यात सर्वात मोठा आवाज मालकांचा होता. मालक म्हणजे तिचे सासरे. आयुष्यभर त्यांनी गेट, खिडक्या आणि पाण्याच्या टाक्यांचे स्टँड बनवले. करवत, कटर आणि गॅसची ज्योत, एवढ्यावर हे वर्कशॉप उभं राहिलं. मला आणायचं डोकं सुनेचं. लग्नाआधी आणि नंतरही काही काळ ती एका कंपनीत यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायची. मुलगी झाल्यावर नोकरी सुटली. मग घरात बसून, भाजी निवडता निवडता, ती सासऱ्यांना लेझर म्हणजे काय ते समजावू लागली. बरेच महिने ते हूं हूं करत राहिले आणि एके दिवशी जेवताना म्हणाले, बरं, आणू या.

त्यावर ती आनंदली असेल असं तुम्हाला वाटेल. मला तिनं स्वतः सांगितलंय, त्या दिवशी ती अर्ध्या जेवणातूनच उठली. बाबांनी माझं ऐकलंच कसं, हीच धास्ती. विरोध करायला कुणीतरी हवं होतं, म्हणजे उद्या काही चुकलं तर दोघांत वाटून घेता आलं असतं.

विरोध करणारं कुणीच नव्हतं असंही नाही. मिस्त्री होते. मिस्त्री म्हणजे इथले जुने वेल्डर. मालकांबरोबरच त्यांचे केस पिकले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, माझ्या अंगावर थाप मारली आणि मग त्यांची नजर माझ्या पडद्यावर गेली. "हे मशीन नाही मालक," ते म्हणाले, "हा टीव्ही आहे. बातम्या लागतात का बघा."

सगळे हसले. तीही हसली, पण जरा उशिरा.

कंपनीचा माणूस मला कसं चालवायचं ते शिकवायला आला. तिनं प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली आणि दोन्ही वेळा लिहून घेतली. तो होता तोवर ठीक चाललं. तो गेला आणि माझ्यावर ताडपत्री आली.

तो काळ मला आठवावासा वाटत नाही, पण सांगतो. माझ्या पाठीवर जेवणाचे डबे ठेवले गेले. एकदा कुणाचा तरी ओला टॉवेल वाळत पडला. मिस्त्री येता-जाता विचारायचे, वहिनी, आज टीव्ही बंदच का? ती रोज यायची, ताडपत्रीचा कोपरा उचलायची, माझी काच पुसायची, माहितीपुस्तक उघडायची, मिटायची आणि कोपरा परत खाली सोडायची. चुकून काही बिघडलं तर, एवढंच तिच्या डोक्यात.

माझी सुटका केली मुंगीनं.

मुंगी म्हणजे तिची मुलगी, चार वर्षांची. स्वयंपाकघरात, कपाटात, वर्कशॉपमध्ये, जिथे नको तिथे ती आधीच पोचलेली असते, म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं. एके दुपारी ती आईचं बोट धरून माझ्यापुढे उभी राहिली आणि तिनं विचारलं, याला बरं नाहीये का? आई म्हणाली, छे, चांगला ठणठणीत आहे. मुंगी म्हणाली, "मग पांघरूण का घातलंय?"

आईनं माझ्याकडे बघितलं, नाक चोळलं आणि ताडपत्री ओढून काढली. काळजीत असली की ती नाक चोळते, ही तिची जुनी खोड. माझ्या कामात हाताला तेल लागतं, काळी धूळ लागते. त्यामुळे माझ्याकडे काम करायला लागल्यापासून तिचं नाक संध्याकाळपर्यंत काळं होतं. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ते दिसतं. मालकांची सून म्हणून कुणी बोलत नाही.

मग आम्ही कामाला लागलो. आधी साध्या चकत्या, मग कपाटाच्या बिजागऱ्यांच्या पट्ट्या, मग एका दुकानाची पाटी. मी जे कापलं ते मिस्त्री उचलून उन्हात धरायचे, कुठे वाकडं सापडतंय का बघायचे आणि न बोलता ठेवून द्यायचे. त्यांचं हे न बोलणं मला पदकासारखं वाटायचं.

आणि मग बालवाडीचं काम आलं.

बालवाडी वरच्या मजल्यावर. जायला लोखंडी जिना, आणि त्याच्या कठड्याला आडव्या सळ्या. आडव्या सळ्या म्हणजे पोरांना शिडीच. बालवाडीच्या बाईंना रोज धडकी भरायची. त्यांना सळ्यांच्या जागी पत्रे हवे होते, पण तुरुंगासारखे बंद नकोत, उजेड येईल अशी नक्षी हवी. सुट्टी संपायच्या आत बसवून हवे होते. आणि सुट्टी संपली की त्याच बालवाडीत, त्याच जिन्यानं, मुंगी जाणार होती.

नक्षी मुंगीनंच दिली. तिनं काढलेला एक मासा घरात फ्रीजवर चिकटवलेला होता. पुढे पोट, मागे शेपटी, आणि पोटात मावेल तेवढा मोठा डोळा. आईनं त्याची बाहेरची रेघ तेवढी गिरवून घेतली. डोळा तिला सोडावा लागला. त्यात माझा नाइलाज आहे. भोकात तरंगणारं काही मला कापता येत नाही. आतला तुकडा धरायला काही उरत नाही, तो खाली पडतो. तेव्हा मासे बिनडोळ्यांचे. पण झाले झकास. सडसडीत, बोटाएवढे लांब, जिन्याच्या उतारावरून ओळीनं पोहत निघालेले.

पहिला पत्रा मी कापला तेव्हा सगळं वर्कशॉप काम टाकून काचेशी जमलं होतं. ठिणग्यांचा पंखा उडत होता, कापलेले मासे टिंग टिंग करत खालच्या ट्रेमध्ये पडत होते. पत्रा बाहेर आल्यावर प्रत्येकानं तेच केलं जे माणसं भोक दिसलं की करतात. बोट घालून पाहिलं.

मालकांनी घातलं. गेलं नाही. मिस्त्रींनी घातलं. त्यांचं तर टोकही शिरेना. नक्षी बघायला बाई आल्या होत्या, त्यांनी घातलं, नखापुढे जाईना. तिनंही स्वतःचं बोट घालून पाहिलं. नाही गेलं. बोट जातच नाही, तर अडकेल कसं? सगळ्यांचं एकमत झालं. बाईंनी पसंती दिली, मालकांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा नाक न चोळता घरी गेली.

जाताना मुंगीनं ट्रेमधले मासे फ्रॉकच्या ओच्यात भरून नेले. त्याच्या आधी अर्थातच आईनं एकेका माशाची कड कानशीनं घासून गुळगुळीत केली. घरी मुंगीनं प्रत्येकाला काळ्या पेननं डोळा काढला.

पुढचं तिनं मला सकाळी सांगितलं, काचेला कपाळ टेकून. झोपायच्या आधी ती मुंगीची नखं कापत होती. अंगठा झाला, मधली बोटं झाली आणि करंगळी हातात आली. जेमतेम पेन्सिलीएवढी. ती करंगळी तशीच धरून बसली. जाळीत ज्यांनी बोटं घालून बघितली, ती सगळी मोठी माणसं होती. एकाही मुलाचं बोट कुणी घालून बघितलं नव्हतं.

"माझं बोट जात नाही याचा मला केवढा आनंद झाला होता," ती मला म्हणाली. "मी काय जिन्यावरून हात घासत जाणारे का?"

ती सकाळी न्याहारीच्या ताटावरच मुंगीची बोटं मोजून आली होती, तीही व्हर्नियरनं. यंत्राचे भाग मोजायचं ते साधन. मुंगीला गुदगुल्या झाल्या, आजी म्हणाली हिला वेड लागलंय, आणि नवरा म्हणाला, दाखव, माझंही मोज. नवरा कठडे बसवायची कामं करतो. तो थट्टा करून बालवाडीकडे निघूनही गेला, जिन्याच्या जुन्या सळ्या काढायला.

मला वाटलं, आता ती काम थांबवणार. पण माणसाचं मन माझ्यासारखं सरळ रेषेत चालत नाही. शटर पूर्ण वर गेलं, मालक आले, मिस्त्री आले, दुसरा पत्रा माझ्यावर चढला. नवऱ्याचा फोन आला की सळ्या निघाल्या, आता जिना उघडा पडलाय, पत्रे लवकर पाठवा. रंगवाला दारात येऊन बसला. मालक म्हणाले, कर सुरू. आणि तिनं केलं.

थांबा म्हणायचं तर कारण हवं. काय सांगायचं? की मला रात्री असं वाटलं? तिला रात्री काय काय वाटतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. गॅस चालू राहिला असं वाटतं. मुंगी श्वास घेत नाहीये असं वाटतं. दार उघडं राहिलं, नळ चालू राहिला, खिडकीत कुणीतरी उभं आहे. त्यातलं आजवर एकही खरं निघालं नव्हतं. आता हेही त्यातच गेलं असतं.

मी आपला कापत होतो. मासा, टिंग. मासा, टिंग. मला जे सांगितलंय ते मी चोख करतो आणि सांगितलेलं बरोबर आहे का, हे मला विचारता येत नाही. अर्धा पत्रा झाला असेल. आणि तिनं लाल बटण दाबलं.

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी ऐन कामात थांबवलं होतं. माझं तोंड पत्र्यावरून वर उचललं गेलं, ठिणग्या विझल्या, आणि वर्कशॉपमध्ये एकदम इतकी शांतता झाली की रंगवाल्यानं चहाचा घोट गिळलेला ऐकू आला.

मालकांनी विचारलं, काय झालं, लाईट गेली का? ती म्हणाली, नाही, मी थांबवलं. का, तर तिनं मुलांच्या बोटांचं सांगितलं. अडखळत, मध्येच सॉरी म्हणत, व्हर्नियरचा आकडा सांगून. मालकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, अगं, आपण सगळ्यांनी बोटं घालून बघितलीत, बाईंनी बघितलं, पसंत केलं. आता पोरं काय, कशातही बोटं घालतील, सगळं आपण कुठवर बघायचं? मिस्त्रींनी त्यांना दुजोरा दिला. इतका विचार करत बसलं तर घराला दारंसुद्धा लावता येणार नाहीत, दारातही बोटं चेमटतात, असं त्यांचं म्हणणं.

कोपऱ्यात जाऊन तिनं रबराची एक बारीक नळी शोधली, मुंगीच्या बोटाएवढी. चिमटीत धरून व्हर्नियरनं मोजली, म्हणजे इथेही तिनं स्वतःवर विश्वास ठेवला नाहीच. मग पहिला पत्रा भिंतीला तिरका लावला, जिन्यावर लागतो तसा. नळी माशाच्या पोटात घातली. ती सहज आत गेली. आणि जिना उतरणारं मूल जाळीवरून बोट ओढत जातं, तशी ती नळी तिनं पोटाकडून शेपटीकडे ओढली.

शेपटीच्या अलीकडे मासा अरुंद होतो. माशाला तिथे मान नसते, पण समजा की मानच. नळी त्या मानेत गेली आणि गच्च बसली. तिनं ओढली. येईना. मिस्त्री पुढे झाले, त्यांनी ओढली. नळी लांब झाली, बारीक झाली, पण सुटेना. शेवटी त्यांनी पक्कड लावली तेव्हा ती तुटून अर्धी हातात आली. अर्धी माशातच राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मी घाबरट आहे हे मला मान्य आहे. पण ही नळी काही माझ्या घाबरण्यानं अडकलेली नाही."

मालक पत्र्याजवळ वाकले. माशात अडकलेल्या रबराच्या तुकड्याला त्यांनी बोटानं हलवून बघितलं. मग त्यांनी विचारलं, "मुंगीचं बोट खरंच एवढंच आहे?"

ती म्हणाली, मोजलंय.

मालक सरळ झाले आणि रंगवाल्याला म्हणाले, जा बाबा, तुला आज काम नाही. मग बाहेर जाऊन त्यांनी स्वतः बाईंना फोन केला. तिनं चूक केली असं नाही सांगितलं, बरं का. आमच्या सूनबाईंनी एक गोष्ट वेळेवर पकडली, असं सांगितलं. ती माझ्या मागे उभी राहून ऐकत होती. मी ऐकलं म्हणून तुम्हाला सांगतोय. तिच्या तोंडून तुम्हाला हे कधीच कळलं नसतं.

मग तिनं मासा नव्यानं काढला. या वेळी तिला एक सूत्र सापडलं होतं. भोक एकतर एवढं मोठं हवं की बोट कुठूनही सहज बाहेर यावं, नाहीतर एवढं बारीक की आत जाऊच नये. मधलं काही नको. म्हणून पोट तिनं चांगलं गुबगुबीत, अंड्यासारखं केलं. कुठेही मान नाही, कुठेही कोपरा नाही. आणि शेपटी? शेपटी पोटापासून सोडवून मागे वेगळी ठेवली. तीन बारीक चिरा. कागद जाईल इतक्याच.

इथे माझी छाती भरून आली, असली तर. अशी चीर करवतीला जमत नाही, कटरला जमत नाही, मिस्त्रींच्या ज्योतीला तर नाहीच. मला जमते. ते तिला ठाऊक होतं आणि तिनं ते कुणाला न विचारता कागदावर उतरवलं. मुलांच्या कठड्याला जे लागत होतं आणि मला जे येत होतं, ते त्या एका चित्रात भेटलं. माझ्यासारख्यानं आणखी काय मागावं?

एकच सल तिला होती. मुंगीच्या माशाची शेपटी आपण तोडली. मुंगी म्हणेल, हा माझा मासा नाही. बटण दाबायच्या आधी तिनं मला तेवढं सांगितलं, नाक चोळलं आणि बटण दाबलं.

पत्रे कापून झाले. प्रत्येक माशात तिनं नवी नळी फिरवून बघितली. मग नव्या डाय कामाला आल्या. बेंडिंग मशीनवर मिस्त्री होते. पत्र्याची वरची कड त्यांनी त्या डायमध्ये धरली आणि आतल्या बाजूला अशी चपटी दुमडली की धार गडप झाली आणि हाताला नुसता गोलवा लागायला लागला. त्यावरून त्यांनी हात फिरवला, मग थांबले. इतकी वर्षं वेल्डिंग केलेल्या तळव्याला काही कळत नाही, हे त्या दिवशी त्यांच्याही ध्यानात आलेलं. ते वाकले आणि त्या कडेवरून त्यांनी आपला गाल फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक पत्र्यावर. नंतर ते माझ्याजवळून गेले तेव्हा मला टीव्ही म्हणाले नाहीत.

आता मी तसा नवा राहिलेलो नाही. माझ्या कडेला ओरखडे आहेत, दारावर मुंगीनं चिकटवलेली एक चांदणी आहे, जेवणाचे डबे अजूनही कुणीतरी ठेवतंच. पण ताडपत्री पुन्हा आली नाही. कामं मात्र भरपूर येतात. तो चुकलेला पहिला पत्रा मालकांनी भंगारात दिला नाही. वर छताजवळच्या झरोक्याला लावून टाकला, जिथे कुणाचंच बोट पोचत नाही. सकाळी ऊन आलं की सडसडीत मासे माझ्या अंगावरून पोहत जातात. त्यातल्या एकाच्या मानेत अजून रबराचा तुकडा आहे. तो कुणी काढला नाही.

ती अजून रात्री जागते. मी आलो म्हणून ते थांबलेलं नाही आणि थांबेल असं मला वाटत नाही. फरक एवढाच की आता ती सकाळी येऊन सांगते, आणि मला एकट्याला नाही, सगळ्यांना. दहांतल्या नऊ वेळा त्यात काही नसतं. तरी मालक हातातला चहा खाली ठेवून ऐकतात.

तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. माझ्याकडे चित्र घेऊन याल तेव्हा नुसतं चित्र आणू नका. त्या चित्राच्या काळजीनं ज्याची झोप उडाली आहे असं एक माणूसही बरोबर आणा. कापायचं मी बघतो. त्यात मी कमी पडणार नाही.

आणि निरोप घ्यायच्या आधी, नवे पत्रे तयार झाले त्या दुपारचं एवढं सांगून टाकतो.

पत्रे रंगायला जायच्या आधी नवऱ्यानं आणि मिस्त्रींनी ते इथेच वर्कशॉपमध्ये, जिन्याच्या उतारासारखे तिरके उभे केले. सगळे बाजूला झाले. तिनं मुंगीला आणलं आणि सांगितलं, बालवाडीत जाशील तशी जा इथून. मुंगीनं बोट पहिल्या माशात घातलं आणि चालू लागली. टुक, टुक, टुक. बोट एका माशातून निघत होतं, दुसऱ्यात जात होतं, कुठेही अडत नव्हतं. शेवटच्या माशाशी पोचल्यावर ती वळली आणि त्याच वाटेनं पळत परत आली. टुकटुकटुकटुक.

तिच्या आईनं किती वेळ श्वास रोखून धरला होता कुणास ठाऊक. तो आता सुटला. पण शेपटीचं राहिलंच होतं. तिनं खाली बसून विचारलं, "आवडला का गं तुझा मासा? शेपटी जरा वेगळी झालीय."

मुंगीनं शेपटीकडे पाहिलंही नाही. ती माशाच्या पोटाकडे बघत होती. कपाळाला आठी घालून. तिच्या घरच्या सगळ्या माशांना डोळे होते आणि याच्या पोटात नुसतं पलीकडचं वर्कशॉप दिसत होतं. ती म्हणाली, "याला डोळा नाहीये."

आईचा चेहरा पडला. बोटं मोजली, मान काढली, कडा दुमडल्या, गालसुद्धा फिरवून झाला, आणि डोळा राहिला. भोकात काही तरंगत ठेवता येत नाही, आतला तुकडा पडतो, असं ती मुंगीला समजावू लागली. आधी मोठ्यांच्या भाषेत, मग लहानांच्या. मुंगी ऐकायला थांबलीच नव्हती. ती पत्र्याला वळसा घालून पलीकडे गेली होती. तिथून चवड्यांवर उभं राहून तिनं माशाच्या पोटाला आपला डोळा लावला. काळाभोर, मासाभर डोळा. तो आधी मिस्त्रींकडे फिरला, मग आजोबांकडे, मग माझ्याकडे, आणि शेवटी आईवर येऊन थांबला.

"आता दिसतंय त्याला," मुंगी म्हणाली. "आई, तुझ्या नाकाला काळं लागलंय."